हीटरच्या मागची जागा

गाडीला जोडून न्यायच्या त्यांच्या कॅम्पिंग ट्रेलरच्या जमिनीवर बुद्धभूषण पालथा पडला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत कपाटात गेला होता. त्याच्या डोक्याशी उपासना टॉर्च धरून उकिडवी बसली होती. उजेडाचा तसा काही उपयोग नव्हता. पाण्याच्या हीटरची मागची बाजू कुठूनच दिसत नव्हती.

"आता लाव पंप," तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. पंप घरघरला, नळ्यांत दाब भरला आणि थांबला. दोघं कान देऊन बसले. सगळे नळ बंद असताना पंप आपोआप पुन्हा चालू झाला, तर कुठेतरी पाणी गळतंय. थोड्या वेळाने तो पुन्हा घरघरला.

"वायसरच खराब असेल."

वायसर त्याने सकाळीच नवा टाकला होता. त्याच्या आधीचाही नवाच होता.

मिशिगनच्या थंडीत ट्रेलरच्या नळ्यांमधलं पाणी आधीच काढून टाकावं लागतं. या वेळी थोडं राहून गेलं असावं. ते गोठलं आणि हीटरच्या मागचा, गरम पाणी बाहेर येतं तिथला जोड तडकला. जोड बदलून नट आवळायचा, काम तसं लहानच होतं. तिथे हात घालायला कंपनीने एक झाकणही ठेवलं होतं. पण ट्रेलर घेतला तेव्हा तांदळाचे, कणकेचे, डाळींचे डबे कुठे ठेवायचे असं उपासनाने विचारलं, आणि बुद्धभूषणने नेमकं त्या झाकणावरच स्क्रू आणि ग्लू लावून रॅक ठोकलं. नोकरीची सगळी वर्षं त्याने गाड्यांच्या सीट्सचं टेस्टिंग करण्यात घालवली होती. हलणारी वस्तू त्याला खपत नसे. आता डबे बाहेर ड्राइव्हवेवर उन्हात होते आणि रॅकच्या मागे एक हात कसाबसा शिरेल एवढी फट होती.

उद्या सकाळी निघायचं होतं. दर उन्हाळ्यात ट्रॉय आणि आसपासची त्यांच्या ओळखीची बौद्ध कुटुंबं सरोवराकाठी कॅम्पला जमत. सकाळी वंदनेच्या आधी सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या. कॅम्पग्राउंडचे शॉवर लांब होते आणि पाणी कोमट. ऐंशी ओलांडलेल्या रामभाऊकाकांना तर बादलीत कढत पाणी लागायचं. त्यामुळे बुद्धभूषणच्या ट्रेलरमागे बादल्यांची रांग लागे आणि तो एकेक भरून देत, कुणाला साबण लावायला किती वेळ लागतो यावरून चिडवत उभा असे. मागच्या वर्षी त्याच्या केमोमुळे जाणं झालं नव्हतं.

सकाळी त्याच्या मित्राचा, प्रतापचा फोन आला होता. ट्रेलर राहू दे यार, तुमच्यासाठी केबिन बघून ठेवलीय, तू फक्त ये आणि खुर्चीत बस, असं तो प्रेमानेच म्हणाला होता. बुद्धभूषण फोन ठेवून सरळ टूलबॉक्स आणायला गेला. संध्याकाळपर्यंत सांगतो, एवढंच त्याने प्रतापला सांगितलं होतं.

"सरक," उपासना म्हणाली. "मी बघते."

"तुला नाही जमायचं."

"माझा हात बारीक आहे."

तो सावकाश उठला आणि पंप बंद करून, नळातून दाब सोडून फ्रिजला टेकून बसला. तिने बाही वर केली आणि हात फटीत घातला. रॅकच्या एका स्क्रूचं टोक मनगटाला ओरखडलं. बोटं नळीवरून सरकत नटापर्यंत पोचली.

नट तिरपा बसला होता. एका बाजूने आटे उघडे होते, दुसऱ्या बाजूने पुरते गिळले गेले होते. पहिल्याच वेढ्याला हाताला कळावं, इतका तिरपा. तिने हात तिथेच ठेवला.

त्याच्या बोटांचं तिला हिवाळ्यापासून माहीत होतं. त्याने बटणांचे शर्ट घालणं बंद केलं होतं. एकदा तापलेल्या तव्याचा दांडा उचलून त्याने तो शांतपणे बाजूला ठेवला आणि मग, काहीतरी वास आल्यासारखं, तळहाताकडे पाहिलं. डॉक्टरांना तो "थोडं झिणझिणतं" असं सांगत होता, तेव्हा ती शेजारीच बसली होती. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होती. केमोचं औषध नसांचं काय करतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. काहींची संवेदना परत येते, काहींची येत नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"वायसर जरा सरकलाय."

शेजारचं कुणीतरी गवत कापत होतं. ते मशीन दूर गेलं, परत जवळ आलं.

"उपा, आटे तिरपे बसले ना?"

तिने नटावरून बोट फिरवलं.

"मला कळतच नाही," तो म्हणाला. "बोटं नटावर आहेत का हवेत, तेही कळत नाही. मी नुसतं फिरवून राहिलो होतो."

मला माहीत आहे, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मग सांग कसं करू," ती म्हणाली.

तो थोडा पुढे सरकला. "आधी पूर्ण काढ. आता आट्यांवरून बोट फिरव. कुठं खरखर लागते?"

"नाही."

"हातानंच आवळला म्हणून आटे वाचले. आता सरळ धर आणि पुढं नको फिरवू. उलटं फिरव. हळू. एक जागा येते, तिथं नट जरासा आत पडल्यासारखा होतो. आवाज येत नाही. फक्त बोटाला लागतं."

तिने डोळे मिटले.

"लागलं?"

"नाही."

"नळी थोडी उचल. तिच्या वजनानं तो कलतो."

तिने करंगळीने नळी उचलून धरली आणि पुन्हा उलटं फिरवलं. अगदी बारीक काहीतरी खाली बसलं.

"लागलं."

"हां. आता पुढं ने. अडला तर थांब."

नट अलगद चढत गेला. तिने डोळे उघडले तेव्हा बुद्धभूषणचा उजवा हात गुडघ्यावरून उचललेला होता आणि तिच्या वेढ्यांबरोबर हवेत फिरत होता. ती थांबली तसा तोही थांबला.

"अजून थोडा. पण जीव खाऊन नको, लोणच्याची बरणी नाही ती."

पंप लावला. घरघर झाली, दाब भरला, पंप थांबला. ते ऐकत राहिले. बाहेरचं मशीन बंद झालं. कुणाच्या तरी अंगणात मुलं बॉल टाकत होती. पंप गप्पच राहिला.

तेवढ्यात प्रतापचा फोन आला. बुद्धभूषणने स्पीकर लावला.

"मग? केबिन फायनल करू ना?"

"नको. ट्रेलर घेऊन येतो."

"झालं का दुरुस्त? मला माहीत होतं यार, तू थोडाच ऐकणार."

"मी नाही केलं. उपासनाने केलं." त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. "मला बोटांना काही लागत नाही आता, प्रताप. गरम नाही, गार नाही. काहीच नाही."



"बरं," प्रताप म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "मग वहिनींनाच सांगून ठेव, काकांना पाणी जरा कडक लागतं."

"ऐकतेय ती."

त्याने फोन बाजूला ठेवला आणि टूलबॉक्समधलं फडकं घेतलं. उपासनाचा हात कोपरापर्यंत काळवंडला होता, बोटं ओली होती. त्याने तो आपल्या मांडीवर घेतला आणि पुसायला लागला. मनगटावरच्या ओरखड्याला वळसा घालून, मग एकेक बोट. पुसून झालं की नाही हे त्याच्या हाताला समजत नव्हतं, म्हणून प्रत्येक बोट खिडकीच्या उजेडाकडे वळवून, चष्म्यातून वाकून, तो नीट बघत होता. करंगळी त्याने परत एकदा पुसली. तिने हात तसाच राहू दिला.