न चिकटणारी रिंग

मेडशीजवळच्या तांड्यावरची निता दोन वर्षं पुण्याकडच्या लोहचुंबकाच्या कारखान्यात होती. धातूच्या काळपट पुडीत चिकट राळ मिसळायची, ती साच्यात दाबायची, मग भट्टीत भाजायची, की पंपाच्या मोटरीत बसणारी रिंग तयार व्हायची. निताचा हात प्रेसवर चांगला बसला होता.

ती सोयाबीन काढायला घरी निघाली, तेव्हा सुपरवायझरनं तिला कड उडालेली एक रिंग दिली. तिनं ती सासऱ्यांच्या हातात ठेवली. गोविंदसिंगांनी विळ्याला लावली, ती खाली पडली. खिळ्याला लावली, पुन्हा पडली.

"चिकटत काहून नाई?"

"चिकटते मामाजी. लोहचुंबकच हाय तो."

तिनं स्वतः पत्र्याच्या पेटीला लावून पाहिली. कुठंच धरेना.

"भट्टीत जयलं असन," सासू रुखमाबाई म्हणाली.

निताला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचेना. इतक्या दिवसांत तिनं रिंग लोखंडाला कधी लावलीच नव्हती. ट्रे भरला की तो पुढच्या खोलीत जाई.

तिच्या नवऱ्यानं, करणनं, जुन्या स्पीकरचा चुंबक आणला. तो रिंगेला खटकन चिकटला. काढला, तर रिंग पुन्हा साधा खिळाही उचलेना.

"म्हंजे हे लोखंडच हाय," गोविंदसिंग म्हणाले. सून लोहचुंबक बनवते, असं त्यांनी तांडाभर सांगितलं होतं.

नितानं पुढच्या खोलीत काम करणाऱ्या रिसोडच्या अंजूला फोन लावला.

"तुमच्याकडं नुसता आकार येते," अंजू म्हणाली. "चुंबक आमच्या खोलीत होते. तारेच्या गुंडाळीत रिंग ठेवतो, करंटचा एक झटका देतो. झालं."

"मंग दोन वर्सं मी काय बनवलं?"

"रिंग. ते नसन तं झटका कायले देऊ?"

निताचं समाधान झालं नाही. कामावर परतल्यावर सुपरवायझरला विचारून ती त्या खोलीत गेली. अंजूनं एक रिंग मशीनमध्ये ठेवली. टक् असा आवाज झाला. बाहेर काढलेली रिंग कात्रीला घट्ट बसली.

नितानं झटका दिलेली एका हातात धरली, न दिलेली दुसऱ्या हातात. रंग तोच, वजन तेच.

"यात बदललं काय?"

"मले नाई माईत," अंजू म्हणाली. "मी बटन दाबतो."