ब्रिटाच्या नावाचं हरीण

सेल्मा टोलेफ्सन हिनं गावच्या पोरांना शिकारीचे धडे देण्यात अर्धं आयुष्य घातलं होतं. मोंटानातल्या त्या गावात शिकार ही हौस नव्हती, हिवाळ्याची बेगमी होती. पण सरकारी शिकवणी पुरी केल्याशिवाय पोराला परवाना मिळत नसे, आणि परवान्याशिवाय टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची शिकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी, नाही. एका टॅगवर एकच हरीण. ही शिकवणी सेल्मा दर शनिवारी अग्निशामक बंबाच्या शेडमध्ये फुकट घ्यायची. पण ज्यांना आणून सोडायला घरी कोणी नाही, अशी पोरं दरवर्षी राहून जायची. म्हणून ही शिकवणी शाळेतच, सातवीच्या वर्गाला लावावी, असा तिनं हट्ट धरला होता. शाळा समितीनं तो वर्षानुवर्षं टोलवला. कोणी म्हणे शाळेत बंदुकीचं नाव नको, कोणी म्हणे आधी पोरांचं गणित सुधारा.

यंदा मात्र तिचा मुलगा नील्स सभेत उभा राहिला. हा गडी एरवी तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा. त्यानं टोपी हातात घेतली आणि सांगितलं की आईनं मला बंदूक देण्याआधी थांबायला शिकवलं, तेच माझ्या मुलीला मिळावं, तुमच्याही मुलांना मिळावं. समितीतले सगळे हात वर गेले. सेल्मा बाहेर येऊन गाडीत बसली आणि किल्ली न फिरवता बराच वेळ डोळे पुसत राहिली.

शाळेच्या व्यायामशाळेत वर्ग सुरू झाला. लाकडाच्या बंदुका होत्या, आणि व्हॉलीबॉलचं जाळं खाली बांधून त्याचं कुंपण केलेलं. कुंपण ओलांडताना आधी बंदूक रिकामी करायची, ती पलीकडे सरकवायची, मग आपण जायचं. हरीण पडलं की सुरी काढण्याआधी टॅगवर तारखेची खाच पाडायची. आणि ज्यानं गोळी घातली, त्याचाच टॅग जनावराला बांधायचा. दुसऱ्याचा बांधला तर ती चोरी, मग तो घरातल्या माणसाचा का असेना, हे सेल्मा रोज घोटून घ्यायची. एकानं विचारलं की बाबांचा नेम चुकला आणि माझा लागला, तर? सेल्मा म्हणाली, "तर बाबांना सांग, आज भांडी तुम्ही घासा." वर्ग खदखदून हसला. पुढच्या बाकावर तिची नात ब्रिटा सगळ्यांत जोरात हसत होती.

सगळी पोरं पास झाली. गाव सेल्माला डोक्यावर घेऊन नाचलं. शेजारपाजारचे घरी ॲपल पाय भाजून घेऊन यायचे, चर्चमध्ये बायका तिला मुद्दाम पुढं बसवायच्या. उशिरा का होईना, आपलं म्हणणं लोकांना पटलं, असं तिला वाटलं.

हंगाम सुरू झाला. दुसऱ्या रविवारी ती मांस कापायला मदत म्हणून नील्सकडे गेली. शेडमध्ये हरणं टांगलेली होती. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या शिंगांच्या नराला ब्रिटाचा टॅग होता, त्यावर कालच्या तारखेची खाच. सेल्माला आनंदानं काय करू आणि काय नको झालं. पोराचं पहिलं हरीण पडलं की हरणाचं काळीज लोण्यात परतायचं, पहिला घास त्या पोराला द्यायचा, आणि शिकारीची हकीकत त्यानंच ताटावर बसून सांगायची. मोठ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. त्या घरची ही रीत सेल्माच्या सासऱ्यापासून चालत आलेली. तिनं घरात जाऊन कोट काढून खुंटीला अडकवला, कांदा चिरला, काळीज परतलं आणि ताट ब्रिटापुढे ठेवलं.

"हं, सांग बाई. हात थरथरला का?"

ब्रिटानं बापाकडं पाहिलं. "काय सांगू, आजी? मी काल दिवसभर सामन्याला गेले होते. बिलिंग्जला."

नील्स काटा खाली न ठेवता म्हणाला, "आई, खा गं. गार होतंय."

"कोणी मारलं?"

"मी. माझा टॅग पहिल्याच दिवशी संपला. हिचा नुसता पडून होता."

मग तो समजावणीच्या सुरात बोलत गेला. सगळेच असं करतात. सातवीचा अख्खा वर्ग पास झाला म्हणजे घरटी एक हरीण जास्त. समितीचे हात उगाच वर गेले असं तिला वाटलं की काय?

"आणि सभेत माझ्याबद्दल बोललास, ते?"

"ते खरं होतं, आई. हेही खरं आहे."

ब्रिटाला वाटलं, आजीला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. ती म्हणाली, "बाबा म्हणाले तुला माहीतच आहे. वर्गात तसं सांगावं लागतं, एवढंच."

गावानं फसवलं ते एक वेळ गिळता आलं असतं. पण या पोरीनं तिचा शब्द न् शब्द सोंग समजून पाठ केला होता.

"नील्स, शिकार खात्याच्या वॉर्डनला फोन कर. तू आपणहून सांग."

तो हसला. वॉर्डन बंदूक नेईल, परवाना नेईल, हे काय तिला माहीत नव्हतं? त्यानं पावाच्या तुकड्यानं ताट पुसायला घेतलं. ताट लख्ख होईपर्यंत सेल्मा थांबली. मग उठून तिनं भिंतीवरचा फोन घेतला.

"आई, मी तुझा मुलगा आहे."

तिनं वॉर्डनला स्वतःचं नाव सांगितलं, मग नील्सचं. टॅग कोणाचा, असं पलीकडून विचारणं आलं. ब्रिटा नको नको म्हणून मान हलवत होती. सेल्मानं तिचंही नाव सांगितलं. टॅगवर तेच तर होतं.

फोन ठेवल्यावर ब्रिटानं न शिवलेलं ताट दूर सारलं आणि ती बापाच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली.

"बाबांनी टॅग घेताना मला विचारलं तरी होतं, आजी."

वॉर्डन येईपर्यंत जनावर हलता कामा नये, म्हणून सेल्मा तशीच शेडमध्ये गेली. मागं दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. वॉर्डनला यायला बराच अवकाश होता. तिनं एक बादली पालथी घातली आणि हरणाशेजारी बसून राहिली. तिचा कोट आत खुंटीवरच होता. तो द्यायला कोणी बाहेर आलं नाही.