पदराखालची टोपी

सोलापूरचं ऊन ज्यानं सोसलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही, आणि ज्यानं सोसलं त्याला सांगायची गरज नाही. सत्तावीस सालच्या वैशाखात शुक्रवार पेठेतल्या धोंडप्पा टोपीवाल्याच्या बायकोला, काशम्माला, भर बाजारात ऊन लागलं. दोन दिवस बाई बरळत होती. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, तेव्हा वैद्यबुवांनी धोंडप्पाला बाजूला घेऊन बजावलं, "या खेपेला वाचली. पुन्हा असंच डोकं तापलं तर मला बोलवायला येऊ नका. माझ्या हातात काही नसेल."

मग आता तरी बाईनं घरी बसावं की नाही? छे! पाचव्या दिवशी काशम्मा टोपलं शोधायला लागली. बाजारातली भाजीची जागा तिला सासूनं दिलेली. जागा रिकामी दिसली की दुसरी कुणी तिथं फडकं अंथरते, आणि मग ब्रह्मदेव आला तरी उठत नाही.

"अगं, मरशील की!" धोंडप्पा ओरडला.

"मरंन तवा मरंन. घरात बसून तुमच्या टोप्या मोजू व्हय?"

शेवटी शेजारी लिंबं विकणारी मायाक्का आठ दिवस जागा राखायला तयार झाली. तेवढे आठ दिवस धोंडप्पाच्या हातात होते. बाजारात सावलीला चादर बांधून झाली होती. दुपारची वावटळ बांबूसकट ती घेऊन गेली होती. तेव्हा सावली डोक्यालाच बसवायला हवी, एवढं त्याच्या ध्यानात आलं.

तीस वर्षं त्यानं टोप्या शिवल्या. गिऱ्हाईक आरशात बघायचं, मिशीवर हात फिरवायचं आणि जायचं. टोपीखाली डोकं गार राहतं का, हे कुणी विचारलं नाही आणि यानंही कधी विचार केला नाही. आता बायकोच्या जिवावर बेतलं तेव्हा त्याला त्याची लाज वाटली.

दोऱ्याला लावायच्या मेणाचे त्यानं सारखे गोळे केले आणि माळवदावर भर उन्हात एकेका टोपीखाली एकेक ठेवला. काळ्या टोपीखालचा गोळा घटकाभरात कणकेसारखा झाला. पांढऱ्या दुपदरी टोपीखालचा थोडा जास्त टिकला. मग त्यानं दोन पदरांच्या मधे वेताच्या काड्या घालून बोटभर फट ठेवली, वारा खेळू दिला. गोळा आणखी टिकला, पण बारा वाजता तोही मऊ पडला. धोंडप्पानं टोपी भिरकावून दिली आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

सहाव्या दिवशी एका वकिलाच्या घरी तो माप घ्यायला गेला. दाराला वाळ्याचा पडदा होता, गडी त्यावर तांब्यातांब्यानं पाणी मारत होता आणि बाहेर आग पाखडणारा वारा आत येताना थंडगार होऊन येत होता. धोंडप्पा माप न घेताच उठला! काष्ठौषधीच्या दुकानातून वाळा आणला, मुळ्या भिजवून वेताच्या सांगाड्यात विणल्या, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी मेणाच्या गोळ्यात नख रुतेना. म्हातारा माळवदावर एकटाच हसला.

पण काशम्मानं ती टोपी बघितली आणि तोंड फिरवलं. "टोपी घालायला म्या काय बाप्या हाय? लोकं तोंडात शेण घालतील."

बरोबरच होतं तिचं. बाईच्या डोक्यावर पदर, फार तर पाण्याच्या घागरीखाली चुंबळ. चुंबळ! धोंडप्पा रात्रभर झोपला नाही. सकाळी त्यानं टोपी उसवून चपटी केली, मधे चुंबळीसारखी गोल गादी, भोवती कपाळावर आणि मानेवर उतरणारी कड. वरून पदर घेतला की कुणाच्या बापाला कळायचं नाही. तासातासानं तांब्यातलं पाणी शिंपडायचं, बस.

काशम्मानं ती डोक्यावर ठेवली, पदर घेतला आणि डोळे मिटले. "लई गार वाटतंय हो," ती म्हणाली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण धोंडप्पाच्या हातच्या कामाचं कौतुक तिनं पहिल्यांदा केलं.

चार दिवस ती बाजारात बसली आणि संध्याकाळी हसत घरी आली. पाचव्या दिवशी दुपारी एक हमाल धावत आला. "काका, चला. तुमची बाई पडलीया."

धोंडप्पा अनवाणीच पळाला. काशम्मा मायाक्काच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डोक्यावर नुसता पदर. टोपी नव्हती.

"टोपी कुटं हाय? टोपी कुटं गेली?"

मायाक्कानं टोपल्याकडं बोट केलं. ओली टोपी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पालथी घातलेली होती. "रोज दुपारी असंच करायची ओ," मायाक्का रडत म्हणाली. "कोथमीर माना टाकाय लागली की टोपी काढायची, पाणी मारून तिच्यावर झाकायची. मला म्हणायची, आमच्या म्हाताऱ्यानं भाजी ताजी ऱ्हायाचं येक नंबर औशध केलंया. तुमाला सांगू नको म्हणाली."

धोंडप्पानं टोपी उचलली. खाली कोथिंबीर आत्ता खुडल्यासारखी हिरवीगार होती. "अगं, तुझ्या डोक्यासाठी केली होती गं काशे!" तो भर बाजारात ओरडला. "तुझ्या डोक्यासाठी!"

काशम्माचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. श्वास लहान लहान, घाईघाईचा येत होता. त्यानं तिचा पदर मागं सारला, तांब्यातलं सगळं पाणी टोपीवर ओतलं आणि चारचौघांदेखत ती तिच्या डोक्यावर बसवली. कड कपाळावर नीट ओढली. वर हात दाबून धरला आणि बसून राहिला.

लोक जमले. कुणी वारा घालत होतं, कुणी वैद्यांकडं पळालं. धोंडप्पाचं लक्ष फक्त हाताखालच्या कपाळाकडं होतं. हळूहळू ते निवायला लागलं. त्यानं पुन्हा चाचपून बघितलं. खरंच निवत होतं.

"उतरतंय," तो म्हणाला. "मायाक्का, हात लावून बघ की. गार पडतंय. लागू पडली माझी टोपी!"

मायाक्कानं कपाळाला हात लावला नाही. काशम्माच्या नाकापाशी तिनं बोटं धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.