टाइड : अर्थ अकरावा

आमच्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत बोललेल्या शब्दाला किंमत नव्हती. माणसं काय बोलतात यावर कोश उभा राहत नाही, काय छापतात यावर राहतो, असं आमचे संपादक डॉक्टर लम्ली सांगत. तेही तोंडीच सांगत, त्यामुळे पुरावा नाही.

देशभरचे हौशी वाचक पुस्तकं वाचून आम्हाला चिठ्ठ्या पाठवत. डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली छापील वाक्य, त्याखाली तारीख, ग्रंथ, पान. एकही जागा रिकामी चालत नसे. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या हेस्टर कॅपलमन नावाच्या निवृत्त शिक्षिका सव्वीस वर्षं अशा चिठ्ठ्या पाठवत होत्या. बदल्यात दर नाताळला आम्ही त्यांना छापील आभारपत्र पाठवत होतो. सही शिक्क्याची.

१९१० साली ‘टाइड’ हा शब्द माझ्या टेबलावर आला. टाइड म्हणजे भरती-ओहोटी, हे पोरंही सांगतील. पण शब्द मुळात समुद्राचा नव्हे. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ नुसता ‘वेळ’ होता, घटका. समुद्राची वेळ ठरलेली, म्हणून शब्द हळूहळू पाण्यात उतरला आणि बहुतेक तिथेच राहिला. मी दहा अर्थ लावून संपवले, त्याच आठवड्यात कॅपलमनबाई स्वतः कचेरीत हजर. हातात टोपली, टोपलीत धुरावलेले हेरिंग मासे.

“अकरावा राहिलाय,” खुर्चीत टेकायच्या आत त्या म्हणाल्या. “आमच्याकडे नवऱ्याची होडी वेळेवर परतली नाही की बायका म्हणतात, अमकीची टाइड चाललीय. म्हणजे ती वाट बघतेय. होडी आली की टाइड संपली.”

“आणि नाही आली तर?”

“माझ्या आईची एकेचाळीस वर्षं चालली. रोज संध्याकाळी बाबांचा कप मांडायची. कोणी हटकलं की म्हणायची, माझी टाइड आहे अजून, तुम्ही तुमचा चहा प्या.”

मी सगळं लिहून घेतलं. मग सवयीने विचारलं, “हे छापलंय कुठे?”

“अहो बेकविथ, कोळणी काय छापून वाट बघतात होय?”

आतल्या खोलीतून लम्ली बाहेर आले. “बेकविथ, मासे कोणी आणले?” मग सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “बाई, हा नियम मी माझ्या आजीसाठीसुद्धा मोडला नाही.”

“काय म्हणायची तुमची आजी?”

“आठवत नाही. छापलेलं नाही ना.”

मी बाईंना स्टेशनवर सोडायला गेलो. वाटेत त्या सहज बोलावं तशा म्हणाल्या, “गल्लीत असं बोलणारी आता मी एकटीच उरलेय. सुना नुसतं ‘उशीर झालाय’ म्हणतात. आणि आमच्या गावच्या डॉक्टरांनी काही मला नाताळ दिलेला नाही. यंदा तुमचं आभारपत्र फुकट जाणार.”

मला सुचलं ते कचेरीतलंच. “कुठेतरी छापून आणा. चर्चचं मासिक, गावचं वर्तमानपत्र, काहीही चालेल.”

“काहीही?”

“काहीही. तारीख आणि पान हवं.”

त्या हसल्या. वर्गात शेवटच्या बाकावरून बरोबर उत्तर आल्यावर शिक्षिका हसते, तशा.

महिन्याने त्यांचं पत्र आलं. वर्तमानपत्राच्या संपादकाने लेख परत केला होता. गावंढळ बोली वाचकांना रुचत नाही म्हणाला. चर्चच्या मासिकात जागा नव्हती. ‘पण एक सदर आहे,’ बाईंनी लिहिलं होतं, ‘तिथे कोणालाच नाही म्हणत नाहीत.’

नोव्हेंबरात पाकीट आलं. वरचं अक्षर अनोळखी, शेजारणीचं. आत वर्तमानपत्राचं कात्रण. सदर : मृत्युवार्ता.

‘हेस्टर कॅपलमन, वय एकाहत्तर. बापाची वाट बघणारी शेवटची. आईची टाइड एकेचाळीस वर्षं चालली. हिची आज संपली.’

सोबत शेजारणीची ओळ : ‘मजकूर बाईंनी आधीच नेऊन दिला होता. चिठ्ठीचं तुम्हाला कळेल म्हणाल्या.’

चिठ्ठी बाईंच्याच गोल, शाळेतल्या अक्षरात. कोपऱ्यात शब्द, खाली वाक्य, खाली वर्तमानपत्राचं नाव. तारीख आणि पान तेवढं रिकामं. सव्वीस वर्षांत त्यांची पहिलीच अपुरी चिठ्ठी.

मी तारीख भरली. पान चार.

लम्लींनी कात्रण भिंगाखाली दोनदा धरलं. “छापील आहे,” ते नाइलाजाने म्हणाले. “घ्या अकरावा.” मी वळलो तर म्हणाले, “थांबा. असं बोलणारं अजून आहे कोणी?”

जो अर्थ आता कोणाच्याच तोंडी उरला नाही, त्याच्या आधी आम्ही एक कट्यारीची खूण छापतो. मेला, एवढंच ती सांगते.

आहेत, असं म्हणता आलं असतं. पण तोंडी पुराव्याला आमच्याकडे किंमत नव्हती, आणि कात्रणात ‘शेवटची’ हा शब्द स्वच्छ छापलेला होता.

कट्यार मी हाताने काढली. जमेल तितकी बारीक काढली. पण छापखान्यात त्या सगळ्या एकाच मापाच्या असतात.