हत्तीखालचा लांब स्क्रू

शाळेतल्या प्रयोगशाळेचं कपाट मी एकटीनं लावलं, बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझं कौतुक केलं, आणि तिथून माझं डोकं काही ठिकाणावर राहिलं नाही. जगातला सगळा पसारा माझीच वाट बघत थांबलाय, असं मला वाटायला लागलं.

आमच्या घरात पसारा म्हणजे हॉल. आई-बाबा, काका-काकू, मी आणि काकांचा सहा वर्षांचा बारक्या, एवढ्या सगळ्यांना मिळून तो एकच. त्यात बारक्याची खेळणी अशी पसरलेली की दारावरची बेल वाजली तर लंगडी घालत दार उघडायला जायचं. माझं परीक्षेचं वर्ष, आणि मी अभ्यास करायची स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ टेकून. कुणाला पाणी हवं असलं की मी वही-पुस्तकासकट सरकायचं. मला खिडकीजवळचा कोपरा हवा होता.

म्हणून मी जेवताना जाहीर केलं की रविवारपर्यंत हॉलची जमीन मोकळी करून दाखवते, मग तिथे माझं टेबल येणार. आईनं आधी माझ्या कपाटाचं दार नीट लागतं का ते बघायला सांगितलं. बाबांनी मात्र अट घालून टाकली: रविवारी सकाळी जमिनीवर एकही खेळणं दिसता कामा नये. एवढंच ना, असं मी म्हणाले. वर खांदेही उडवले. ते आठवलं की आता उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

शनिवारी सकाळी काका कामावर गेले आणि काकू बारक्याला केस कापायला घेऊन गेली. मी केस वर बांधले, ओढणी कमरेला खोचली. पण कामाला लागण्याआधी फोटो काढले. माझा पराक्रम किती मोठा आहे हे लोकांना कळायला आधीचं ध्यान दिसायला नको का? भिंतीकडेनं सोफ्यापासून दारापर्यंत एक विचित्र रांग होती: हत्ती, डायनासोर, चाक नसलेली जीप, प्रत्येकाच्या पायाशी काहीतरी भंगार. ती रांग मी पोटावर पालथी पडून, अगदी जवळून टिपली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘हे घर आहे की भंगारवाल्याचं गोदाम?’

मग बुटांचे सहा रिकामे खोके घेतले. प्राणी एकात, गाड्या एकात, ठोकळे एकात. सुटे स्क्रू, स्प्रिंगा, चाकं असा किरकोळ माल शेवटच्या खोक्यात, चांगला खळखळ हलवून. प्रत्येकावर चित्र चिकटवलं. दोन तासांत फरशी दिसली. तिचा रंग फिकट हिरवा आहे हे मी विसरलेच होते.

बारक्या आला तो नवे केस मिरवत. मी हात पसरून त्याला सगळं दाखवलं आणि म्हणाले, “बघ, आता प्रत्येक गोष्ट जागेवर आहे.”

तो सोफ्याच्या पायापाशी उकिडवा बसला आणि त्यानं फरशीवर बोट टेकवलं.

“जागेवरच होतं ताई. इथे हत्ती होता. हत्तीखाली लांब स्क्रू.”

पुढच्या फरशीवर बोट गेलं आणि तिथेच थांबलं. त्याला पुढचं आठवेना. तो रडला असता तर बरं झालं असतं, मी चॉकलेट देऊन मोकळी झाले असते.

आणि मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. काका मिक्सर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. उघडलेलं यंत्र ते त्याच क्रमानं एका रेषेत मांडतात, आणि जोडताना शेवटाकडून उलटे येतात. त्या रेषेवरून कुणी ओलांडून गेलेलंही त्यांना चालत नाही. बारक्याचा आगीचा बंब मुका झाला होता. गुरुवारी काकांनी त्याला तो स्वतः उघडू दिला. रविवारी काका नवा भोंगा आणणार आणि जोडणार बारक्याच, असं ठरलेलं. म्हणून प्रत्येक तुकड्यावर त्यानं एकेक पहारेकरी बसवला होता. चौदा वर्षं मी काकांच्या घरात वाढले, आणि ही रांग पालथं पडून बघूनही मला ओळखू आली नाही. डोळ्यांपुढे टेबल असलं की असं होतं.

मग फोटो आठवले. घरच्यांना लाजवायला मी ते इतके मोठे करून काढले होते की प्रत्येक स्क्रूचे आटे मोजता येत होते. पण रांग परत मांडायची म्हणजे फरशी परत भरायची, आणि रविवार उद्यावर. मी खिडकीकडे एकदा बघितलं. अगदी खरं सांगायचं तर दोनदा बघितलं. मग सहाव्या खोक्यातला माल पेपरवर ओतला.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं सरपटत होतो. मी फोटो बघून तुकडा सांगायची, बारक्या पहारेकरी बसवायचा. एक छोटी स्प्रिंग माझ्याच केसांत सापडली. ती किती वेळ तिथे होती, हे मी कुणालाही सांगणार नाही.

रविवारी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन हॉलच्या दारात उभे राहिले. पुढे पाय टाकायला जागा नव्हती. त्यांनी काही म्हणायच्या आधी मीच सांगून टाकलं की मी हरले. काका रांगेच्या शेवटाशी मांडी घालून बसले, बारक्या एकेक तुकडा उचलत उलटा येत गेला. हत्तीखालचा लांब स्क्रू शेवटी बसला आणि बंब असा बोंबलला की बाबांचा चहा सांडला. काका शांतपणे म्हणाले की गोदामातला माल चालू आहे. म्हणजे ग्रुपवरचं त्यांनी वाचलं होतं.

मी वही उचलून फ्रिजकडे निघाले. बारक्यानं ती माझ्या हातातून ओढली, खिडकीजवळच्या कोपऱ्यात फरशीवर ठेवली आणि तिच्यावर हत्ती बसवला.

“आता ही कुणी हलवायची नाही,” तो बाबांना म्हणाला.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई झाडू घेऊन आलीच होती. तिनं सगळा हॉल झाडला आणि कोपऱ्यात आल्यावर हत्तीला वळसा घालून पुढे गेली.

टेबल अजून आलेलं नाही. हे मी जमिनीवर बसून लिहितेय, आणि बंब दर पाच मिनिटांनी बोंबलतोय.