धोंडू आणि डेट्रॉइट

"नाव काय लिहू, माय लव्हर?" मोरीननं मार्करचं टोपण दातांनी काढत विचारलं.

ब्रिस्टलमधल्या बायका दुकानात, बसमध्ये, कुणालाही 'माय लव्हर' म्हणतात हे साकेत घैसासला चार वर्षांत पाठ झालं होतं. आता तो लाजत नसे. मोरीन नर्सच्या हातात बदकांची चित्रं असलेलं कोरं कार्ड होतं. काचेच्या पेटीवर आधीचं कार्ड होतं, त्यावर नुसतं 'बेबी घैसास'.

"दोन आठवडे झाले की याला इथं," ती म्हणाली. "हाक मारायला काहीतरी नको का?"

पेटीतला जीव हाक मारण्याएवढा तरी कुठे होता! साडेतीन महिने आधीच जगात आलेला मुलगा, वजनाला किलोभर साखरेच्या पिशवीहून हलका. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसत. तोंडातून आत गेलेली नळी त्याच्यासाठी श्वास घेत होती आणि वरच्या मॉनिटरवर हिरवे आकडे वरखाली होत होते. मंजिरी, त्याची आई, चहा आणायला खाली गेली होती. समोरच्या पेटीत कालपर्यंत जुळ्यांपैकी एक मुलगी होती. आज एक बाई ती पेटी आतून पुसून घेत होती. वॉर्डातलं कुणीही तिकडे बघत नव्हतं.

साकेतनं मात्र बघितलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "धोंडू."

"म्हणजे काय?"

"दगड."

"रॉक! स्ट्राँग. लव्हली." मोरीननं एकेक अक्षर विचारत नाव लिहिलं आणि शेजारी एक चांदणी काढली.

स्ट्राँग कसला! साकेतच्या आजोबांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथ्याला पणजीनं धोंडू म्हणायला सुरुवात केली. हा दगड आहे, टाकाऊ आहे, न्यायला येणाऱ्यानं याच्याकडे वळूनसुद्धा बघू नये. आजोबा चांगले नव्वदी पार करून गेले. हा सगळा खुळचटपणा आहे हे स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या साकेतला कळत होतं. तरी कार्ड पेटीवर चिकटलं तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

मंजिरी दोन कागदी कप घेऊन आली. तिनं कार्ड वाचलं, कप खाली ठेवले आणि त्याला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं. बाहेर हात धुवायच्या सिंकपाशी ती थांबली.

"काय लिहिलंयस ते?"

"तिनं नाव विचारलं गं. टोपणनाव आहे नुसतं. आजोबांचं."

"माझ्या मुलाला दगड? मी नाव ठरवलंय साकेत, बारशाला सांगणार होते. आणि तू… तुझ्या त्या तळाच्या टीम्ससारखं लिहून टाकलंस ना त्याला? लास्ट प्लेस. नो होप."

"उलट आहे ते."

"उलट म्हणजे काय? सांग ना."

साकेतला सांगता येईना. सांगायचं तर आधी म्हणावं लागलं असतं, की तो जाईल अशी मला भीती वाटते. ते वाक्य तो मनातसुद्धा पुरं करत नव्हता. तो नळाखाली हात धरून उभा राहिला. मंजिरी आत निघून गेली.

तिचं बोलणं त्याला लागलं, कारण त्याचा धंदाच तो होता. ब्रिस्टलमधली एक लहानशी कंपनी वर्तमानपत्रांना आणि वेबसाइट्सना खेळांचा मजकूर पुरवायची. तिथे नोकरी लागली तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण क्रिकेटवर लिहू. पण क्रिकेटवर अर्ध्या ऑफिसचा डोळा होता. उरलं बेसबॉल, ज्याच्याकडे इंग्लंडात कुणी ढुंकून बघत नाही. पुण्याच्या मुलानं इंग्लंडात येऊन अमेरिकेच्या खेळावर पोट भरायचं, अशी ती वरात होती. त्यातही दर मार्चमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, कुठला संघ काय करणार याचे प्रीव्ह्यू लिहायचे असत, तेव्हा चांगले संघ कीथ घ्यायचा, कारण कीथ साहेब होता. गाळ साकेतच्या वाट्याला. टॅम्पा बे, मिलवॉकी, आणि सगळ्यांच्या खाली डेट्रॉइट, ज्यांनी गेल्या वर्षी, म्हणजे २००३ साली, एकशेबासष्ट मॅचेसपैकी एकशेएकोणीस हरून दाखवल्या होत्या.

हरणाऱ्यांवर लिहिण्यात त्याचा हातखंडा होता. कुणाचा खांदा जूनपर्यंत टिकणार नाही, कुणाची कारकीर्द संपली, हे तो इतकं बिनदिक्कत लिहायचा की कीथ वाचून खो खो हसायचा. ऑफिसात त्याला ग्रिम रीपर म्हणत, म्हणजे आपला यमदूत. गेल्या वर्षीपर्यंत साकेतला त्या नावाचं कौतुक होतं.

यंदा मात्र यमदूताला लिहिता येईना. बाळ झालं त्याच दिवशी साकेतच्या आईनं, सुहासिनीबाईंनी, पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "हे बघ, रडायचं तर रडा. पण घरात अभद्र बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"आई, भाड्याचा फ्लॅट आहे. मालक पोलिश आहे."

"असू दे. वास्तू ती वास्तूच."

तो फोन ठेवून तेव्हा हसला होता. मग ग्लॉस्टर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यानं सवयीनं पहिलं वाक्य लिहिलं, की या संघाला कसलीही आशा नाही. आणि त्याची पाचावर धारण बसली. भिंती ऐकत असल्यासारखं वाटलं. ते वाक्य त्यानं घाईघाईनं पुसलं आणि लिहिलं, की संघ तरुण आहे, धीर धरायला हवा. मग मिलवॉकीला बरं म्हटलं, टॅम्पा बेला बरं म्हटलं. डेट्रॉइटला पाच संघांच्या गटात तिसरा नंबर देऊन टाकला.

कार्डाच्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं न बोलता टोस्ट खात होते, तेवढ्यात फोन वाजला.

त्या दिवसांत फोन वाजणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. हॉस्पिटलनं सांगून ठेवलं होतं, तसंच काही असेल तर आम्ही कळवू. मंजिरीच्या हातातली सुरी बटरमध्येच राहिली. दोघं फोनकडे बघत राहिले. चौथी रिंग, पाचवी रिंग.

"घे ना," मंजिरी पुटपुटली.

"तू घे."

"मी नाही घेणार. साकेत, मी नाही घेणार."

त्यानं उचलला.

"डेट्रॉइट तिसरे?" पलीकडे कीथ होता. "साकेत, बरा आहेस ना तू? हे पाठवलं तर लोक आपल्याला वेड्यात काढतील."

साकेत खाली बसला. मंजिरीला त्यानं हातानं खूण केली, ऑफिस, ऑफिस. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"हे बघ," कीथचा आवाज खाली आला, "घरी काय चाललंय ते मला माहीत आहे. नको लिहूस. मी करतो डेट्रॉइट."

तो मनापासून म्हणत होता. साकेतला मात्र त्यात भलतंच काही दिसलं. कीथ डेट्रॉइटबद्दल काय लिहील ते त्याला ठाऊक होतं. हसून लिहील, टाळ्या घेईल, आणि ते हसणं थेट पेटीपर्यंत पोचेल असं त्याला वाटून गेलं. "नाही," तो म्हणाला, "मीच लिहितो. संध्याकाळपर्यंत देतो."

आणि त्यानं लिहिलं. नाव धोंडू ठेवून झालंच होतं. आता अर्धं आईचं आणि अर्धं पणजीचं ऐकण्यात काय अर्थ होता? त्यानं पणजीची बाजू घेतली आणि डेट्रॉइटवर इतकं काळंकुट्ट लिहिलं, जितकं जन्मात लिहिलं नव्हतं. कीथचं उत्तर पाच मिनिटांत आलं, "ब्रिलियंट. रीपर परत आला." ते वाचून साकेतला हसू आलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस मंजिरी त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पेटीशेजारी एकेका बाजूला एकेक जण बसायचा. मोरीनच्या नजरेतून ते सुटलं नसावं.

"वाचून दाखवा त्याला काहीतरी," ती एका दुपारी साकेतला म्हणाली. "आवाज ओळखतात ते. काहीही चालेल, गॅसचं बिलसुद्धा."

साकेतच्या कोटाच्या खिशात प्रीव्ह्यूची प्रिंट होती, दुसरं काही नव्हतं. त्यानं ती उलगडली, पेटीच्या गोल खिडकीशी तोंड नेलं आणि इंग्रजीतलं मराठीत करत हळूहळू वाचायला लागला. मंजिरी खुर्चीत पाठ करून बसली होती.

"डेट्रॉइटकडे बघण्याचे कष्ट घेऊ नका. इथे नेण्यासारखं काही नाही. बॅट धरणारे नाहीत, बॉल टाकणारे नाहीत, नशीब तर मुळीच नाही. देखणं काही हवं असेल तर न्यूयॉर्कला जा, बॉस्टनला जा. इथे चुकून आला असाल तर पुढे चला. दार लावून घ्या. आम्ही काही तुमच्या कामाचे नाही…"

पुढचं त्याला वाचता येईना. कागदावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. मंजिरीची खुर्ची करकरली. ती उठून त्याच्याजवळ आली होती.

"हे तू टीमवर लिहिलंस?"

"हो."

ती कार्डाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. त्याला वाटलं, आता ही पुन्हा भडकणार. पण ती बाहेरच्या सिंकवर कोपरापर्यंत हात धुऊन आली, तिनं गोल खिडकीतून हात आत घातला आणि एक बोट बाळाच्या तळव्याशी नेलं.

"ऐकलंस का रे?" तिचा आवाज फुटत होता. "नकट्या. काळ्या. माकडतोंड्या. कुणाला हवायस तू? कुणालाच नको. कुण्णालाच नको असला ध्यान मुलगा."

साकेतनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

सोमवारी सकाळी ते पोचले तर पेटीभोवती तीन माणसं होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नळी काढून बघणार आहोत, आज तो जरा बरा दिसतोय. काही बाळांना जमतं. काहींना परत नळी घालावी लागते, आणि मग ते कठीण जातं.

"किती टक्के?" साकेतनं विचारलं. आयुष्यभराची सवय.

"टक्के मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बाहेर थांबायचंय का?"

"नाही," मंजिरी म्हणाली.

साकेतला खरं तर बाहेर जायचं होतं. पळत जिना उतरून, टेकडी उतरून, नदीपर्यंत जायचं होतं. मोरीननं बाळाच्या गालावरच्या पट्ट्या भिजवून अलगद सोडवल्या. डॉक्टरीणबाईंनी नळी धरली. एक लांबलचक ओलसर वस्तू त्या एवढ्याशा तोंडातून बाहेर येतच राहिली, आणि बाळाचा चेहरा साकेतनं पहिल्यांदाच उघडा बघितला. हनुवटी होती. वरचा ओठ मंजिरीचा होता.

मग काहीच झालं नाही. छाती हलली नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा हिरवा आकडा नव्वदीवरून घसरला, ऐंशीच्या खाली गेला, पिवळा झाला, आणि अलार्म वाजायला लागला. डॉक्टरीणबाई दोन बोटांनी बाळाची पाठ चोळत होत्या. साकेतनं डोळे मिटले. धोंडू, त्यानं मनातल्या मनात म्हटलं, दगडा, दगडा, दगडा.

कुठून तरी मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. त्याला वाटलं, एखाद्या दाराची बिजागरी. आवाज परत आला, चिरका, रागावलेला.

"तुम्ही ऐकलंच नव्हतं ना त्याला?" मोरीन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नळी असली की आवाज बाहेर पडत नाही. रडतात ती, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच."

म्हणजे इतके दिवस, रोज, त्यांच्यासमोर हा रडत होता.

आकडा हळूहळू चढायला लागला. ऐंशी, त्र्याऐंशी, परत ऐंशी. परत नळी घालायची की नाही, हे डॉक्टरीणबाई आकड्याकडे बघत ठरवत होत्या. साकेत मंजिरीकडे वळला. दर तीन तासांनी ती खालच्या खोलीत पंपाच्या मशीनला बसायची, आणि चमचाभर दूध निघालं तरी बाटलीवर तारीख घालून ठेवायची. आता मुलाच्या आवाजासरशी तिच्या फिकट निळ्या कुर्त्यावर, छातीशी, दोन ओले डाग उमटले होते. बघता बघता ते पसरले, एकमेकांना मिळाले आणि खाली ओघळायला लागले. मोरीननं टॉवेल पुढे केला. परक्या माणसासमोर ओढणी सारखी सावरणाऱ्या मंजिरीनं तो घेतला नाही. अलार्म वाजत होता, मुलगा ओरडत होता, आणि ती पेटीसमोर ताठ, भिजत उभी होती.