माझ्या बाजूचा ब्रेक

शर्यतीच्या आदल्या दिवशी, खेळाडूंच्या कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसलेलो असताना, चिरंजीवांनी ताटातून मान वर न काढता मला सांगितलं, "बाबा, उद्या पाण्याच्या टेबलाशी उभे राहाल तेव्हा ओरडू नका."

"मी कधी ओरडतो?" मी ओरडलो.

पलीकडे बसलेल्या दोन धिप्पाड गोळाफेकवाल्यांनी वळून पाहिलं.

"हे असं," तो म्हणाला.

मला राग आला, लपवण्यात अर्थ नाही. मी गाडी चालवायला शिकवतो. आमच्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, पण मी पायाआधी तोंड चालवतो. आरसा बघ! क्लच सोड! अहो काकू, तो विजेचा खांब आहे, तो बाजूला होणार नाही! माझ्या ओरडण्यावर अर्धं गाव परवाना खिशात घालून फिरतंय. आणि हा तर माझ्या पोटचा. शाळेत होता तेव्हापासून रोज सकाळी तो रस्त्यावरून झपाझप चालायचा आणि मी मागून गाडी रांगवत, खिडकीतून डोकं काढून ओरडायचो. गाडीवर 'शिकाऊ' अशी पाटी. लोकांना वाटायचं, पोरगा गाडी शिकायला आला आणि घाबरून उतरून चालायला लागला.

"ठीक आहे," मी म्हटलं. "उद्या तोंडाला कुलूप. मग बघ."

ते 'मग बघ' मी मनात म्हणायला हवं होतं, पण माझं मनातलं कधी मनात राहिलेलं नाही. त्याने फक्त ताट उचललं आणि गेला.

चालण्याच्या शर्यतीला लोक हसतात, कारण चालणाऱ्यांच्या कमरा हलतात. हसू देत. तेच लोक यांच्या बरोबरीने पळून दाखवायला गेले तर पहिल्या वळणावर फतकल मारून बसतील. नियम दोनच. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले दिसता कामा नयेत, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात ताठ हवा. रस्त्याच्या कडेला पंच उभे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी बघतात. शंका आली तर पिवळी पाटी दाखवतात, खात्री झाली तर लाल कार्ड लिहितात. तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली की पाण्याच्या टेबलांच्या शेजारी दोरी लावून केलेल्या चौकटीत दोन मिनिटं थांबायचं. त्यानंतर चौथं आलं की बाहेर.

आमच्या मुलाची एक खोड आहे. दमला की त्याचा डावा खांदा वर चढतो, आणि खांदा चढला की उजवा गुडघा पुरता ताठ होत नाही. त्याला 'गुडघा, गुडघा' सांगून उपयोग नसतो, कारण त्याला वाटतं तो ताठच आहे. पण 'खांदा!' म्हणून ओरडलं की खांदा उतरतो आणि गुडघा आपसूक ताठ होतो. हे मला गाडीच्या काचेतून बघून बघून कळलेलं. त्यालासुद्धा मी कधी समजावून सांगितलं नव्हतं. मी ओरडायचो, तो खांदा उतरवायचा, संपलं. तो राष्ट्रीय संघात गेला, तिथे त्याला शिकलेसवरलेले प्रशिक्षक मिळाले, भला माणूस. त्यांनाही मी बोललो नाही. का बोलावं? मुलाच्या चालण्यातली सगळी कामं एकेक करून दुसऱ्यांकडे गेली होती, एवढी एकच माझ्याकडे उरली होती.

तर दुसऱ्या दिवशी, बाटली द्यायला संघाने नेमलेला माणूस म्हणून, मी टेबलाशी उभा. वीस किलोमीटरची अंतिम फेरी, एक किलोमीटरचा वेढा, दर वेढ्याला तो समोरून जाणार आणि मी बाटली देणार. प्रशिक्षक वेढ्याच्या दुसऱ्या टोकाला, हातात घड्याळ. पहिल्या अर्ध्यात सगळं सुरेख चाललं होतं. पुढे पाच जणांचा घोळका होता आणि त्यात हा तिसरा, म्हणजे पदकाच्या जागेवर. इतक्या वर्षांत तो या जागेवर कधी आला नव्हता, आणि त्याच्या वयाकडे बघता पुन्हा येईल असं तोही म्हणत नव्हता.

मग खांदा चढलेला मला दिसला.

जास्त नाही, बोटभर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडू नका म्हणालास ना? नाही ओरडत. त्याने बाटली घेतली आणि गेला. पुढच्या वेढ्यात पंचांनी त्याला पिवळी पाटी दाखवली, नंतर कार्डं मांडणाऱ्या फलकावर त्याच्या नंबरापुढे एक लाल ठिपका उमटला. तो आला, बाटलीकडे बघत बाटली घेतली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मूग गिळून उभा. दुसरा ठिपका आला. माझा उजवा पाय रस्त्यावर दाबला जात होता, शिकवणीच्या गाडीत दाबतो तसा, आणि तिथे ब्रेक नव्हता. माझ्याकडे एक शब्द होता आणि तो मी दातांखाली धरून ठेवला होता.

तिसरा ठिपका आला तेव्हा एका पंचाने त्याला हात करून चौकटीकडे वळवलं.

चौकट माझ्यापासून दोन हातांवर. आत एक बाई घड्याळ घेऊन उभ्या. त्यांनी ते सुरू केलं आणि आधी माझ्याकडे वळल्या. "काका, आता याच्याशी बोलायचं नाही. खूण नाही, पाणी नाही. काही केलंत तर हा बाद होईल."

मी मान हलवली. मग वाटलं, मान हलवणं ही खूण तर नाही? आणि लाकडासारखा उभा राहिलो.

जन्मभर चालणारा माझा मुलगा ऐन अंतिम फेरीत उभा होता. कमरेवर हात, छाती वरखाली, हनुवटीवरून घाम टपटपतोय. पाठीमागून एकेक जण निघून जात होते. ज्यांना त्याने तासाभरात मागे टाकलं होतं ते, एकामागून एक. पदक गेलं. त्याने आधी रस्त्याकडे बघितलं, मग बुटांकडे, आणि मग माझ्याकडे. नजर काढून घेईना.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना माझं दोन तऱ्हेचं गप्प बसणं ओळखता येतं. एक, मला भरवसा वाटतो तेव्हाचं. तेव्हा स्टिअरिंगवरची त्यांची बोटं सैल होतात आणि ते इकडचं तिकडचं बोलायला लागतात. दुसरं, मी चिडलेला असतो तेव्हाचं. तेव्हा चांगलं चालवायला आलेल्या माणसाची गाडीसुद्धा प्रत्येक चौकात बंद पडते. खांदा काय उगाच चढतो? त्याच्या वाटेत पहिल्या वेढ्यापासून रागाने फुगलेला बाप बाटली घेऊन उभा होता. मुलाचं ऐकलं असं दाखवून मी त्याच्यावर राग काढत होतो, आणि त्याची किंमत तो इथे उभा राहून मोजत होता.

मला रडू आलं. डोळे पुसणं खुणेत धरतात की नाही, हे विचारायची सोय नव्हती, म्हणून ते तसेच वाहू दिले. बाईंनी घड्याळातून एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

"चला," त्या म्हणाल्या. तो निघाला.

तो पुढचा वेढा पुरा करून समोर येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आता एक कार्ड आलं की सगळं संपलं, आणि तो आला तेव्हा त्याचा खांदा पार कानाला लागला होता. तो टेबलाच्या रांगेला लागला न लागला तोच मी छाती भरून घेतली.

"खांदा! खांदा, गाढवा!"

शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हातातून बाटली पडली. आणि मी बघितलं, खांदा खाली आला. लगेच आला, दार बंद व्हावं तसा. मग शेवटपर्यंत दर वेढ्याला मी ओरडलो, घसा फुटेस्तोवर. चौथं कार्ड आलं नाही. तो तेरावा आला.

प्रशिक्षक धावत माझ्याकडे आले. "काका, ते खांद्याचं काय प्रकरण आहे?" मी त्यांना सगळं सांगितलं, डावा, उजवा, कधी चढतो, कसा उतरतो, सगळं. ते ऐकत राहिले. "हे आधी का नाही सांगितलंत?" असं त्यांनी विचारलं नाही, भला माणूस म्हटलं ना.

तंबूत तो पायांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसला होता. मी बाकड्याच्या टोकाला टेकलो. बाहेर कुणाच्या तरी पदकाच्या टाळ्या चालू होत्या.

"बाबा, तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"कधी?"

"पहिल्या कार्डाच्या आधी."

त्याने एक पिशवी उचलून दुसऱ्या पायावर ठेवली. "मी सांगितलं म्हणून गप्प होतात?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्याने स्वतःच दार उघडून दिलं होतं.

"थोडा त्यासाठी," मी म्हटलं. "बाकी रागाने. म्हटलं, जरा धडा मिळू दे."

"मिळाला," तो म्हणाला.

त्याने पायावरची पिशवी सरळ केली. मग तो म्हणाला, "मला माहीत होतं, तुम्हाला दिसत असणार. पहिल्या कार्डानंतर नुसतं तुमच्याकडे बघितलं असतं ना, तरी तुम्ही बोलला असतात. मी मुद्दाम बाटलीकडे बघत होतो."

मी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

बसकडे जायला एक लांबलचक जिना उतरायचा होता. तो कठड्याला धरून ताठ पायांनी एकेक पायरी उतरत होता, जणू अजूनही पंच बघताहेत.

"गुडघे वाकव," मी म्हटलं. हळूच म्हटलं. "आता चालेल."

त्याने वाकवले, कळवळला, आणि कठडा सोडून माझ्या खांद्यावर हात टेकला. दोन पायऱ्या उतरून थांबला.

"बाबा, खांदा खाली घ्या," तो म्हणाला. "फार वर चढलाय."

मी घेतला.